कोपऱ्यातली घडी

परवा भाच्याने आतल्या खोलीतून हाक मारली, "मावशी, जरा ये ना. हा परत उचकी देतोय." गेम बंद पडत नव्हता, हळूही चालत नव्हता. अर्धा-पाऊण मिनिट सगळं पाण्यासारखं वाहायचं, गाडी वळणं घेत सुसाट जायची. मग मध्येच एक क्षण रस्ता जागच्या जागी गोठायचा, आवाजाचा तुकडा टर्रर्र करून फाटायचा, आणि डोळ्यांनी ते नीट टिपायच्या आत गाडी चार हात पुढे, बहुतेक वेळा कठड्याला धडकलेली. भाच्याने शेजारच्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडून ठेवला होता आणि खेळता खेळता तिरक्या नजरेने त्या यादीवर पहारा ठेवला होता. तीन उचक्यांनंतर त्याने चोर पकडला. एका ओळीतला आकडा दर वेळी उचकीबरोबर उसळत होता. "हे आईने टाकलंय. घरचे फोटो कुठेतरी कॉपी करून ठेवतं. उडवून टाकू?" बाण 'एंड टास्क'वर टेकलेला होता आणि बोट बटणावर. मी म्हणाले, "थांब." इतक्या जोरात म्हणाले की त्याने कानांवरचे हेडफोन काढले. का थांबायचं, ते मात्र मला सांगता येईना.

ते 'थांब' दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो ३८६ प्रोसेसरचा होता. दोन मेगाबाइट मेमरी, डॉस ५, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली. १९९२ साल. त्यावर मी सगळ्यात आधी खेळले तो एक जुना चक्रव्यूहाचा गेम. काळा, पांढरा, आकाशी आणि गुलाबी, एवढेच रंग. त्या गेममध्ये स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, केसाएवढ्या जाडीची एक ठिपक्यांची रेघ दिसायची. बोटाएवढी लांब. नीट पाहिलं तर तिचं शेवटचं टोक सेकंदासेकंदाला बदलायचं. एक आकाशी ठिपका विझायचा, शेजारी गुलाबी उमटायचा. मला वाटायचं धूळ आहे. मी फ्रॉकच्या टोकाने काच पुसायची, काच बोटांना चरचरायची, त्या जुन्या काचेच्या मॉनिटरवर हाताची लव उभी राहायची, आणि ठिपके तिथेच. गेममधून बाहेर आलं की काळ्या पडद्यावर त्याच कोपऱ्यात बाबांची घडी असायची. तास, मिनिटं, सेकंद, आठ अक्षरांत. ठिपके आणि घडी एकच आहेत हे माझ्या लक्षात यायला कित्येक महिने गेले.

घडी बाबांनी स्वतः लिहिली होती. फाइलचं नावही तेच. डॉसबरोबर 'डीबग' नावाचं एक रूक्ष हत्यार यायचं. त्यात प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा एकेक करून टाइप करायच्या, मध्ये चुकलं तर बहुधा पहिल्यापासून. रात्री हिशेबाचं काम संपलं की बाबा चौकटीच्या वहीत पेन्सिलीने ओळी लिहायचे, खोडायचे, मग की-बोर्डवर दोन बोटांनी हळूहळू उतरवायचे. झोपेत मला तो टक, टक असा एकेरी आवाज ऐकू यायचा. एका सकाळी उठले तर कोपऱ्यात घड्याळ चालू होतं. खाली दुसरं काम चालू असताना वर घड्याळ चालू! डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो असं आम्हाला सांगितलं होतं. मग हा दुसरा कुठून आला, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "तो संपलाय. फक्त गेला नाहीये."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट, टीएसआर. प्रोग्रॅम आपलं काम झालं असं डॉसला कळवतो, पण कळवताना एक विनंती करतो की माझी एवढी जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. डॉस ती जागा सोडून पुढची जागा पुढच्या प्रोग्रॅमला देतं. येतो म्हणून निरोप घ्यायचा आणि दाराआड उभं राहायचं, तसं. पण नुसतं उभं राहून काय उपयोग, हाक कोण मारणार? ती सोय मेमरीच्या अगदी सुरुवातीला असते. तिथे २५६ पत्त्यांचा तक्ता आहे, प्रत्येक पत्ता चार बाइटचा, म्हणजे एकूण १,०२४ बाइट. की-बोर्डवर कळ दाबली गेली की प्रोसेसर हातातलं काम खाली ठेवतो आणि नवव्या क्रमांकाच्या पत्त्यावर जातो. घड्याळाचा ठोका पडला की आठव्या. याला इंटरप्ट म्हणतात. टीएसआर काय करतो, तर जाण्यापूर्वी या तक्त्यातला जुना पत्ता काढून खिशात ठेवतो आणि तिथे स्वतःचा पत्ता लिहितो. आता दर ठोक्याला हाक त्याला येते. तो आपलं काम करतो आणि खिशातला जुना पत्ता काढून हाक पुढे पोहोचवतो. पुढचाही कदाचित असाच कुणीतरी असेल, तो आणखी पुढे देईल. अशी साखळी. यात कुणावर कुणाचा पहारा नाही. एकाने हाक पुढे दिली नाही तर मागचे सगळे बहिरे. आणि मधल्या कुणाला काढायचं म्हटलं तर काढता येत नाही, कारण त्याच्यानंतर आलेल्याच्या खिशात याचाच पत्ता आहे. शेवटी आला त्याने आधी जायचं, हाच नियम.

ठोका सेकंदाला १८.२ वेळा पडायचा. हा अपूर्णांक मला तेव्हा फार खुपायचा. यंत्राने सेकंदाचे १८ भाग करावेत, २० करावेत, हे १८.२ काय? टायमरच्या चिपला सेकंदाला ११,९३,१८२ कंप मिळतात आणि सोळा बिटांत मावणारी मोठ्यात मोठी मोजणी ६५,५३६ ची, त्यांचा भागाकार म्हणजे तो आकडा. बाबांनी वहीत त्यावर तोड काढली होती. एका सेकंदाचे ठोके पूर्णांकात येत नाहीत, पण पाच सेकंदांचे येतात, बरोबर ९१. ती ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती. मध्यरात्रीपासून किती ठोके पडले याची मोजणी मशीन ठेवतंच. घडी दर ठोक्याला ती मोजणी वाचायची, ९१ ठोक्यांना पाच सेकंद या हिशेबाने वेळ काढायची आणि आठ अक्षरं थेट पडद्याच्या मेमरीत लिहून निघून जायची. ज्या पत्त्यावर अक्षरं लिहायची, त्याच पत्त्यावर जुन्या चार रंगांच्या गेमचं चित्र असायचं. घडीला कसं कळणार की आता अक्षरांचा पडदा राहिलेला नाही? ती अक्षरंच लिहीत होती. गेमच्या पडद्यावर त्यांचे ठिपके होत होते. वरून तिसऱ्या ओळीत, उजव्या कडेला.

आता ६४० या आकड्याविषयी. त्या काळी जो कुणी गेम खेळला त्याच्या पोटात या आकड्याने गोळा आलेला आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतला प्रोसेसर एक मेगाबाइटपलीकडे पाहू शकत नव्हता. त्यातले वरचे ३८४ के, म्हणजे किलोबाइट, पडद्यासाठी आणि मशीन जागं करणाऱ्या बायोससाठी राखलेले, खालचे ६४० के आपले. पुढे मशीनमध्ये दोन मेगाबाइट असोत की आठ, साधा डॉस प्रोग्रॅम याच ६४० मध्ये राहायचा. त्यात आधी डॉस, मग माउसचा ड्रायव्हर, मग आधी टाइप केलेल्या आज्ञा लक्षात ठेवणारी डॉसकी, मग आणखी कुणी कुणी. यातला एकेक उपयोगीच होता. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीचं साइडकिक आलं तेव्हा लोक त्यासाठी वेडे झाले होते ते उगाच नाही. कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबलं की चालू कामावर कॅल्क्युलेटर, वही, दिनदर्शिका उघडायची, आणि परत दाबलं की खालचं काम होतं तसं. पण प्रत्येकाने आपापला कोपरा धरून ठेवला की उरलेल्या जागेत गेमला पाय पसरता येईनात.

एके दिवशी एका मैत्रिणीने तीन फ्लॉपी दिल्या. कर्र, कर्र करत त्या उतरवल्या. गेम सुरू केला. पडदा काळा झाला, माझा श्वास वर अडकला, आणि पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली की ५८० के मोकळे हवेत, ५७१ आहेत. नऊ कमी. 'मेम' आज्ञा देऊन यादी काढली. नावं आणि आकडे. कोण कशासाठी आहे याचा मी विचार केला नाही, मला फक्त नऊ के दिसत होते. एडिटरमध्ये ऑटोएक्झेक फाइल उघडली. मशीन चालू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप जागे करायचे त्याची ती यादी. कंट्रोल-वाय दाबलं की ओळ नाहीशी व्हायची. माउस गेला. डॉसकी गेली. घडी गेली. प्रत्येक ओळीच्या आधी 'रेम' लिहून तिला नुसतं झोपवताही आलं असतं, मला ते ठाऊकही होतं. पण बोट कंट्रोल-वायवर होतं आणि गेम पलीकडे उभा होता. मशीन परत चालू केलं. गेम उघडला. पहिल्या पडद्यावर निळा डोंगर होता, एवढ्या निळ्या छटा मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि स्पीकरमधून जे संगीत आलं ते ऐकून मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. संध्याकाळी बाबा हिशेबाला बसले. उजव्या कोपऱ्याकडे त्यांची नजर गेली, क्षणभर राहिली, आणि ते कामाला लागले. काही म्हणाले नाहीत. मीही नाही.

घडीने एक केसुद्धा जागा घेतली नव्हती. एकटा माउस काढला असता तरी भागलं असतं. आणि खरं तर कुणालाच काढायला नको होतं, हे मला पुढे वर्षभराने कळलं आणि तेव्हा पोटात कसंतरी झालं. डॉस ५ मध्ये एक सोय होती. त्या राखीव ३८४ के मध्ये मधूनमधून रिकामे खण असायचे, पडदा आणि बायोस यांनी न वापरलेले. ३८६ मशीनवर ते खण उघडता यायचे आणि टीएसआर तिथे वर चढवता यायचे. ओळीच्या आधी 'एलएच' एवढी दोन अक्षरं लिहायची. लोडहाय. खालचे ६४० गेमला मोकळे, वर माळ्यावर घडी, सगळे घरात. आमच्या मशीनवर ती सोय पहिल्या दिवसापासून होती.

नंतर कळलं की सगळेच गेम इतके समजूतदार नसायचे. काहींना माळा उघडणारा ईएमएम३८६ हा प्रोग्रॅमच चालत नसे, कारण त्यांना वरची मेमरी स्वतःच्या पद्धतीने हाताळायची असे. १९९२ चा अल्टिमा सेव्हन त्यातला एक. अशा गेमसाठी लोक वेगळी फ्लॉपी बनवायचे, तिच्यावरून मशीन चालू करायचं, म्हणजे आत कुणीच नसायचं. मीही अशा दोन-तीन फ्लॉपी केल्या होत्या, त्यांच्यावर पेनाने गेमची नावं लिहिली होती. त्या फ्लॉपीवरून चालू झालेलं मशीन मला परकं वाटायचं. आपलंच घर, पण सामान उचलून नेलेलं, आवाज घुमणारं. मग डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा गेम आला. तो प्रोसेसरला सरळ दुसऱ्याच अवस्थेत न्यायचा, जिथे ६४० ची भिंत नव्हती. पण त्याला किमान चार मेगाबाइट हवे होते आणि आमच्याकडे दोन. ते दुःख वेगळं.

टीएसआरच्या दुनियेत सगळेच बाबांच्या घडीसारखे निरुपद्रवी नव्हते. त्याच पद्धतीने मेमरीत बसून राहणारे व्हायरस होते. १९८७ मध्ये सापडलेला जेरुसलेम व्हायरस मेमरीत शिरल्यावर अर्धा तास गप्प बसायचा, मग सगळं मंद करून टाकायचा. गेम खेळणाऱ्याला वाटायचं आपलाच हात जड झाला. तो चालवलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला चिकटायचा, आणि एका चुकीमुळे काही फायलींना पुन्हा पुन्हा चिकटायचा, इतका की फाइल फुगत फुगत शेवटी मेमरीत मावेनाशी व्हायची. दाराआडच्या पाहुण्याची भीती लोकांच्या मनात बसली ती अशाने. उलट काही टीएसआर गेमला जगवायचे. जुने गेम पहिल्या पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या चालीवर बेतलेले असत. ३८६ वर ते असे धावत की शत्रू दिसायच्या आत आपण मेलेले. मग दर ठोक्याला प्रोसेसरचा थोडा वेळ मुद्दाम वाया घालवणारा प्रोग्रॅम आधी मेमरीत बसवायचा. वेळ खाणं हेच ज्याचं काम, असा एक शांत सोबती. त्याच्यामुळे मला तो चक्रव्यूह नीट खेळता आला.

आणि एक प्रकार होता जीव वाढवणारा. गेम चालू असताना ठरलेली कळ दाबायची. टीएसआर की-बोर्डच्या साखळीत पुढे बसलेला, तो कळ ओळखायचा आणि गेम तिथल्या तिथे थबकायचा, उडी मारलेला माणूस हवेत लटकून. मग त्याला सांगायचं, मेमरीत जिथे जिथे पाच हा आकडा आहे ते पत्ते शोध. हजारो निघायचे. परत खेळात जाऊन एक जीव मुद्दाम घालवायचा. आता त्या हजारांत जिथे चार झालाय ते शोध. पन्नास-साठ उरायचे. आणखी एक जीव. तीन. शेवटी एकच पत्ता उरायचा, आणि हातात आलेल्या त्या एका बाइटकडे पाहताना अंगावर काटा यायचा. एवढा मोठा डोंगर, दऱ्या, राक्षस, आणि माझं मरण-जगणं या एका आकड्यात. मी तिथे २५५ लिहिले. त्यानंतर दोन दिवसांत तो गेम सुटला. दरीवरून उडी मारताना पोटात खड्डा पडायचा तो पडेना. पुन्हा पाच करून पाहिलं, तरी नाही. तो पत्ता मला माहीत झाला होता.

भाच्याच्या मशीनवरही मला तीच माणसं दिसतात, कपडे बदललेली. यादीत दोनशेच्या वर ओळी होत्या. आता प्रत्येकाला स्वतंत्र मेमरी मिळते, कुणाची अक्षरं कुणाच्या चित्रात सांडत नाहीत, जागेसाठी कुणाला हाकलावं लागत नाही. भांडण आता वेळेचं आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात गाडी, रस्ता, पाऊस, सावल्या सगळं रंगवून पडद्यावर ठेवायचं. ताईचा तो फोटोंचा प्रोग्रॅम जागा झाला की फोल्डरमधल्या फायली एकामागून एक वाचत सुटायचा. गेमला त्याच डिस्कवरून पुढच्या वळणाचा रस्ता आणायचा असायचा, तो मागे रांगेत उभा. सत्तर-ऐंशी मिलिसेकंद गेले की चार-पाच चित्रं बुडाली. सरासरीत ते दिसत नाही, डोळ्याला दिसतं. गेमवर मित्रांचे निरोप तरंगवणारा जो प्रोग्रॅम असतो, तो तर जुन्या टीएसआरचा सख्खा वंशज आहे. चित्र तयार झालं, आता पडद्यावर ने, असं गेम जिथे सांगतो, त्या हाकेच्या वाटेत तो स्वतःचा पत्ता ठेवतो, चित्रावर आपला निरोप रंगवतो आणि हाक पुढे देतो. तोच तक्ता, तोच खिसा. आणि २०२० मध्ये व्हॅलोरंट या गेमबरोबर व्हॅनगार्ड नावाचं पहारेकरी सॉफ्टवेअर आलं, ते मशीन चालू होतानाच आत येऊन बसतं. मेमरीत शिरून २५५ लिहिणाऱ्यांना पकडण्यासाठी दाराआड उभा केलेला दुसरा माणूस. गेम चालू नसतानाही तो तिथे असतो. मला त्याची गरज पटते आणि त्याचं असणं खटकतंही. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "बाबा, तुमची घडी आठवते?"

"रात्री बारापर्यंत अर्धा मिनिट पुढे जायची," ते लगेच म्हणाले. जणू हा विषय कालच अर्धवट राहिला होता. "१८.२ नव्हेच ते. १८.२०६५. मी ९१ धरले तिथे चुकलं. दिवसाला साडेपाचशेच्या वर ठोके जास्त पडतात." मी म्हटलं, मी ती काढली होती. ते म्हणाले, हो, बघितलं ना मी. मी म्हटलं, "जागा हवी होती. नऊ के कमी पडत होते."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"जागेसाठी काढलीस?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, ती तुझी चुगली करते म्हणून काढलीस."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज वहीसमोर बसल्यासारखा झाला. मोठ्या गेमच्या आधी माझा एक अंतराळयानाचा गेम होता, छोट्या स्पीकरमधून भरभरून संगीत वाजवणारा. संगीताला १८.२ ठोके पुरत नाहीत. म्हणून तो गेम टायमर स्वतःच्या ताब्यात घेऊन कितीतरी जलद करायचा आणि आठव्या पत्त्यावर स्वतः बसायचा. सभ्य गेम अशा वेळी मोजून दर काही ठोक्यांनी जुन्या पत्त्यावर हाक पोहोचवतात, म्हणजे मशीनचं घड्याळ चालत राहतं. हा पोहोचवत नव्हता. मी खेळत असेन तेवढा वेळ ठोक्यांची मोजणी थांबलेली. खेळ संपला की घडी पुन्हा चालू व्हायची, पण जिथे थांबली होती तिथून. मी चार वाजता बसून सव्वापाचला उठले, तर मशीनच्या लेखी चारच वाजलेले. बाबा संध्याकाळी यायचे, मनगटाकडे बघायचे, कोपऱ्याकडे बघायचे. मधलं अंतर म्हणजे माझा खेळ. मिनिटाचा हिशेब.

मला ते दृश्य स्वच्छ आठवतं. खुर्ची ओढायची, मनगट वळवून घड्याळ बघायचं, आणि 'टाइम' टाइप करून वेळ लावायची. रोज. त्यांना फायलींवर बरोबर वेळ लागायची, हिशेबाचं काम. मला वाटायचं, मशीनमधली बॅटरी कमजोर झाली असेल. ज्या दिवशी त्यांनी वेळ सव्वा तासाने पुढे केली त्या दिवशीही मी मागे उभी होते, अभ्यास झाला म्हणून सांगत. ते म्हणाले होते, "बरं." बाबांना सगळं दिसत होतं आणि ते बोलत नव्हते. घडी गेली तेव्हा त्यांना वाटलं, पोरीला कळलं, तिला ते आवडलं नाही. "मग परत का नाही घातलीत?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुला नको होती ना." आणि त्यानंतर त्यांनी संध्याकाळी वेळ लावणंही सोडून दिलं, म्हणाले, उगाच तुझ्यावर पाळत ठेवल्यासारखं नको. त्या वर्षीच्या त्यांच्या हिशेबाच्या कितीतरी फायलींवर तास-तास मागची वेळ पडलेली आहे. मी खेळले तेवढी मागची. त्या फायली कुठल्याशा फ्लॉपीवर अजून असतील.

मला राग आला, हे लिहिलं पाहिजे. तीस वर्षं ज्या गोष्टीची टोचणी होती ती बाबांच्या लेखी निराळीच गोष्ट होती, आणि माझ्या दुपारींचा हिशेब कोपऱ्यात उघडा मांडला जात होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरीकडे, त्यांनी तो हिशेब एकदाही माझ्यासमोर मांडला नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. रात्री बाबांनी फोटो पाठवला. वही नव्हे, नवा कोरा कागद. आठवून आठवून लिहिलेल्या अडुसष्ट ओळी, अक्षर थोडं थरथरलेलं. खाली लिहिलं होतं, '९१ चं दुरुस्त केलंय. वापरायची तर एलएच कर.'

शनिवारी भाच्याकडे गेले. आधी ताईला विचारून तिच्या फोटोंच्या प्रोग्रॅमची वेळ बदलली, आता तो पहाटे जागा होतो. गेम एकदाही अडखळला नाही, भाच्याने दोन शर्यती जिंकल्या आणि मग 'ते जुनं काय ते दाखव' म्हणाला. आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये मी बाबांच्या अडुसष्ट ओळी बसवल्या, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा कोपऱ्यात आठ अक्षरं उमटली. भाच्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि वाटावं तरी का. मग मी तो चक्रव्यूहाचा गेम लावला. आकाशी, गुलाबी, पांढरा, काळा. तो खेळायला लागला, पुढे झुकला, दोन वळणं चुकला. तिसऱ्या वळणावर थांबला आणि डोळे बारीक करून वर उजवीकडे बघू लागला. मग त्याने शर्टाची बाही मुठीत ओढून घेतली आणि स्क्रीनचा तो कोपरा पुसला.